आपलीच भाषा, परक्या अक्षरांत

आमच्या भागात मुलाला अक्षरओळख दोनदा होते. घरातली पंचांग आणि लग्नपत्रिका मराठीत, रेशनकार्ड आणि सातबारा-उताऱ्याचे कागद कन्नडात. चौथी-पाचवीतला पोरगा शाळेत बाराखडी गिरवतो, संध्याकाळी बसस्टँडवर आजोबांना गावाची पाटी वाचून दाखवतो आणि ती पाटी दुसऱ्याच लिपीत असते. आपल्याला त्याचे काही वाटत नाही. कधी वैताग येतो, कधी त्यावरून वादही होतात. पण एका भाषेचे दार दुसऱ्या लिपीच्या कुलपामागे असते आणि किल्ली स्वतःच घडवावी लागते, ही गोष्ट सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आपल्याच शेजारच्या गोव्यातून निघून, एक भाषा शिकण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या एका माणसाची कथा आपल्याकडे अधिक जवळून वाचली जाईल असे वाटते.

या माणसाचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. बौद्ध धर्माचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. 'भगवान बुद्ध' हे त्यांचे पुस्तक पुष्कळांच्या घरी असते. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांचे वडील म्हणूनही त्यांची ओळख सांगितली जाते. परंतु या सगळ्याच्या आधीचा एक साधा विद्यार्थी आहे, आणि या लेखात मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे. तो १९०२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबोत उतरला, तो पाली शिकण्यासाठी.

साखवाळचा मुलगा

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी धर्मानंदांचा जन्म झाला. त्या वेळचा गोवा पोर्तुगीजांचा. घरात बोलायला कोकणी, पोथ्यापुस्तकांत मराठी आणि सरकारदरबारी पोर्तुगीज. शाळेचे शिक्षण बेताचेच. घरची शेती आणि नारळीची बागाईत पाहावी, वेळेवर लग्न व्हावे आणि आयुष्य सरावे, असाच तो चाकोरीचा मार्ग होता. लग्न झालेही, चिखलीच्या लाडांच्या बाळाबाईंशी. वाचनाची आवड मात्र जबर. १८९७ साली 'बालबोधमेवा' या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकाच्या अंकात त्यांनी बुद्धाविषयीचा एक लेख वाचला आणि त्या लेखाने त्यांच्या मनाची पकड घेतली. गंमत पाहा, ख्रिस्ती मिशनऱ्यांचे मासिक, मराठी भाषा, पोर्तुगीज मुलूख आणि विषय बुद्ध! ग्रामीण गोव्यातल्या एका तरुणापर्यंत बुद्ध पोहोचला तो असा, तीन परक्या वाटा एकत्र येऊन.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. घर सोडण्याचे कारण एकच, बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा तर आधी संस्कृत शिकले पाहिजे. पोर्तुगीज हद्द ओलांडून ते पुण्यास आले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुण्याहून निघाले ते ग्वाल्हेरमार्गे काशीला. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबोवांपुढे बसून व्याकरण घोकायचे, असा क्रम दोन वर्षे चालला. दक्षिणेतून काशीला गेलेल्या हजारो गरीब विद्यार्थ्यांपैकीच ते एक होते. फरक इतकाच की बाकीचे काशीला पोहोचले की प्रवास संपला असे समजत, आणि यांना तिथे गेल्यावर कळले की आपण अजून वाटेतच आहोत.

कारण बुद्धाची वचने संस्कृतात नव्हतीच. ती पालीत होती, आणि काशीच्या पंडितांच्या पाठशाळांत पाली कोणी शिकवीत नव्हते. ज्या सारनाथला बुद्धाने पहिला उपदेश केला ते ठिकाण काशीपासून काही कोसांवर. पण त्या उपदेशाची भाषा शिकवणारा गुरू त्या शहरात नाही! कोसंबी मग नेपाळात गेले. बुद्धाचा जन्म ज्या मुलखात झाला तिथे तरी त्याचा धर्म जिवंत असेल ही आशा. ती फोल ठरली. तिथून बोधगया. आणि तिथे उमगले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपास जाणे भाग आहे.

घर सोडून गेलेली भाषा

पाली भारतातून अशी नाहीशी कशी झाली, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. परंपरा सांगते की अशोकाचा मुलगा महेंद्र इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धवचने घेऊन गेला. ती मुखोद्गत होती. पुढे इ. स. पूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ आणि लढायांच्या काळात, पाठ करणारे भिक्षूच उरले नाहीत तर काय, या भयाने तिथल्या अलुविहारात ती प्रथम लिहून काढली गेली. तिथून ती ब्रह्मदेशात आणि सयामात पसरली. इकडे भारतात बौद्ध विहार ओस पडले, ग्रंथ गेले, आणि पालीचे नावही पंडितांच्या बोलण्यातून गेले. मूळ घर रिकामे झाले आणि शेजाऱ्यांनी ठेव सांभाळली, असाच तो प्रकार.

आणि ही ठेव शेजाऱ्यांनी आपापल्या अक्षरांत लिहून ठेवली. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयामात तिथल्या लिपीत, आणि १८८१ साली लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाल्यावर रोमन लिपीत छापली जाऊ लागली. एकच वाक्य चार देशांत चार वेशांत. नागरीत मात्र जवळजवळ नाहीच.

कोसंबींच्या आधी भारतातून याच कामासाठी सिंहलद्वीपास गेलेला एक मोठा माणूस इतिहासात आहे. इ. स. पाचव्या शतकात बुद्धघोष अनुराधपूरच्या महाविहारात जाऊन राहिला. त्रिपिटकावरच्या जुन्या अट्ठकथा, म्हणजे टीका, तिथे सिंहली भाषेत होत्या. त्या समजून घेऊन त्याने पालीत आणल्या. महावंसाच्या पुढील भागात कथा आहे ती अशी. महाविहारातल्या स्थविरांनी त्याची परीक्षा पाहण्यासाठी दोन गाथा दिल्या. त्यांवर त्याने 'विसुद्धिमग्ग' हा प्रचंड ग्रंथ रचला. देवांनी तो लपवला, त्याने पुन्हा लिहिला. पुन्हा लपवला, तिसऱ्यांदा लिहिला. मग तिन्ही प्रती ताडून पाहिल्या तर अक्षराचाही फरक नाही! कथा कथेच्या जागी ठेवू. पण परदेशी जाऊन शिकणाऱ्याला ते लोक आपले ग्रंथ सहजासहजी हाती देत नाहीत, आधी त्याची कसोटी लागते, हा तिचा मथितार्थ खोटा नाही. हाच 'विसुद्धिमग्ग' पुढे कोसंबींच्या आयुष्याचे काम होणार होता.

मालिगाकंदचा विहार

त्या काळी धनुष्कोडीचा मार्ग नव्हता. तो १९१४ साली सुरू झाला. त्याआधी सिलोनला जाणारा उतारू तुतिकोरीनहून आगबोटीने कोलंबो गाठी. कोलंबोत मालिगाकंद भागात विद्योदय परिवेण ही भिक्षूंची विद्यापीठासारखी संस्था १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी स्थापन केली होती. इंग्रजी राज्यात मिशनरी शाळांच्या रेट्यापुढे सिंहली लोकांची जुनी विद्या टिकावी हा त्यामागचा हेतू. तिथे पाली, सिंहली आणि संस्कृत तिन्ही शिकवले जात. सुमंगलाचार्यांची कीर्ती युरोपातल्या पंडितांपर्यंत गेलेली होती. कोसंबी याच विहारात दाखल झाले आणि सुमंगलाचार्यांकडून त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली.

श्रामणेर म्हणजे भिक्षू होण्याच्या आधीची पायरी. त्याला दहा शीले पाळावी लागतात. माध्यान्ह टळल्यावर अन्न घ्यायचे नाही, नाचगाणे पाहायचे नाही, उंच मऊ बिछान्यावर निजायचे नाही, सोन्यारुप्याला हात लावायचा नाही. बायको आणि मूल घरी असलेला पंचवीस वर्षांचा गृहस्थ, काशीत कौमुदीच्या भाषेत वाद ऐकून आलेला, इथे मुंडण करून पोरांच्या रांगेत बसला आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ केला. परदेशी भाषा शिकायला जाणाऱ्याच्या वाट्याला हे हमखास येते. कितीही शिकलेला असो, तिथे उतरल्या दिवशी तो मुका असतो. भाकरी मागायची तरी खूण करावी लागते. अभिमान बाजूला ठेवता आला तरच पुढचा धडा.

कोसंबींना दोन गोष्टींचा आधार होता. पहिली म्हणजे संस्कृत. सिंहली येत नसले तरी संस्कृत जाणणाऱ्या भिक्षूंच्या विहारात ते अगदीच परके नव्हते. दुसरी गोष्ट लिपीची घडण. सिंहली अक्षरे पाहिली तर वाटते, वेटोळी घालून ठेवलेल्या दोऱ्यांची रास. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरायचे तर आडवी सरळ रेघ पान चिरते, म्हणून दक्षिणेकडच्या लिप्यांची अक्षरे गोल होत गेली असे सांगतात. पण रूप निराळे असले तरी क्रम तोच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. क ख ग घ ङ. ज्याने मराठी शाळेत वर्णमाला पाठ केली आणि मग कन्नड शिकायला घेतले, त्याला हा अनुभव आहेच. घर नवे, पण खोल्यांची मांडणी आपलीच. शिवाय पालीला वर्ण थोडे लागतात. कच्चायनाच्या व्याकरणात एक्केचाळीसच सांगितले आहेत, आठ स्वर आणि तेहेतीस व्यंजने. ऋ नाही, ऐ-औ नाहीत, श-ष नाहीत.

आणि अक्षरे उलगडली की आत जे दिसते ते मराठी माणसाला चकित करणारे आहे. संस्कृतातला 'हस्त' पालीत 'हत्थ', आपला 'हात'. 'कर्ण' पालीत 'कण्ण', आपला 'कान'. 'सर्प', 'सप्प', 'साप'. 'कर्म', 'कम्म', 'काम'. 'अद्य', 'अज्ज', 'आज'. 'सप्त', 'सत्त', 'सात', आणि 'अष्ट', 'अट्ठ', 'आठ'. मराठी थेट पालीतून आली असे नव्हे, तिची वाट महाराष्ट्री प्राकृतावरून येते. पण संस्कृत आणि मराठी यांच्यामध्ये कोणती उलथापालथ झाली, जोडाक्षरे कशी घासली आणि पुढे स्वर कसे लांबले, हे पालीत डोळ्यांपुढे उभे राहते. समुद्रापलीकडच्या विहारात, वेटोळ्या अक्षरांत, साखवाळच्या माणसाला स्वतःच्या घरातल्या 'हात', 'कान', 'आज' या शब्दांची पणजी भेटावी, याला काय म्हणावे!

दुसरा देश, दुसरी लिपी

सिलोनात सुमारे वर्षभर राहून कोसंबी १९०३ साली मद्रासला आले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथे त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली. मध्ये भारतातील कुशिनारा, सारनाथ वगैरे तीर्थे पाहून ते पुन्हा ब्रह्मदेशी गेले. पालीच्या अभ्यासाला तो देश फार मोठा. मंडालेला मिंडोन राजाने संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते आणि १८७१ साली पाचवी संगीती भरवली होती.

पण तिथे आरंभ पुन्हा श्रीगणेशापासून. बर्मी लिपी निराळी, तिचीही अक्षरे गोल, पण गोलाई वेगळी. आणि उच्चार तर आणखीच वेगळा. बर्मी भिक्षू पाली म्हणू लागला की 'स' हा दातांत जीभ घेऊन 'थ'कडे झुकतो, 'च' 'स'सारखा ऐकू येतो. 'तस्स' म्हटलेले कानाला 'तत्थ'सारखे वाटते. कोलंबोत शिकलेला माणूस रंगूनला मंत्र ऐकून गोंधळणारच. ग्रंथ तोच, शब्द तेच, पण डोळा नव्याने शिकवायचा आणि कानही. अशा रीतीने एक भाषा दोन देशांतून दोनदा शिकण्याचा हा खटाटोप. त्या वेळी कोणाला वाटले असते की ही दुप्पट मेहनत वाया गेली. ती वाया गेली नाही, हे पुढे एका अगदीच अनपेक्षित ठिकाणी सिद्ध झाले.

अमेरिकेत हार्वर्डला हेन्री क्लार्क वॉरन हा पालीचा पंडित 'विसुद्धिमग्गा'ची शुद्ध प्रत तयार करीत असता १८९९ साली वारला. त्याच्याजवळची हस्तलिखिते काही सिंहली लिपीत, काही बर्मी लिपीत. अपुरे काम पुरे करण्यासाठी प्रा. लॅनमन यांना असा माणूस हवा होता, जो दोन्ही परंपरांत मुरलेला आहे. प्रा. वुड्स यांच्यामार्फत कोसंबींना बोलावणे आले आणि १९१० साली ते अमेरिकेस गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या महिन्यांत गोव्यातून संस्कृत शिकायला निघालेला, कॉलेजाची पायरी न चढलेला माणूस दहा वर्षांनी हार्वर्डच्या पंडितांना पाठभेद सांगत होता. संपादनाच्या श्रेयावरून लॅनमनशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. पुढेही या कामासाठी त्यांना हार्वर्डच्या खेपा कराव्या लागल्या. तो ग्रंथ छापून बाहेर पडला १९५० साली. कोसंबी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला गेले होते. पहिल्या पानावर वॉरन यांचे नाव संपादक म्हणून आहे आणि सुधारणा करणारे म्हणून कोसंबींचे. ज्या बुद्धघोषाला परंपरा बोधगयेजवळचा ब्राह्मण मानत आली, तो खरे तर दक्षिणेचा, आंध्र देशातला असावा, हे मतही कोसंबींनी ग्रंथातल्याच पुराव्यावरून मांडले. सिंहलद्वीपास गेलेल्या पहिल्या विद्यार्थ्याचा ठावठिकाणा दुसऱ्याने शोधावा, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

मागे राहिलेले

या प्रवासाचे कौतुक करताना एक गोष्ट आपण सहसा चटकन उरकून टाकतो. १८९९ साली सोडलेल्या घरी कोसंबी परतले ते १९०६ साली. तोवर त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली होती आणि कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले होते. माणिक तेव्हा सात वर्षांची. तिने वडील असे पहिल्यांदाच पाहिले असणार. बाळाबाईंनी ही सात वर्षे कशी काढली? नवरा संन्यासी झालेला, देशातही नाही, परतेल की नाही याची शाश्वती नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात अशा बाईला सवाष्ण म्हणावे की काय म्हणावे, याचीही कुजबूज झाली नसेल असे वाटत नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात कोसंबींनी आपला प्रवास सांगितला आहे. बाळाबाईंनी आपले निवेदन लिहिले नाही. पाली भाषेचे ऋण आपण मोजायला बसलो तर सुमंगलाचार्यांच्या नावाशेजारी त्यांचेही नाव लिहिले पाहिजे. भाषा शिकायला एक जण जातो, तिची फी मात्र घरातले सगळे भरतात. आज आपल्या घरांतली मुले जर्मन, जपानी शिकायला परदेशी जातात. फोनवर रोज बोलतात, तरी आईला जेवण गोड लागत नाही. मग त्या काळाचे काय सांगावे!

१९०६ साली कोसंबींनी बाळाबाईंना कलकत्त्यास नेले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तेच दा. ध. कोसंबी.

परत आणलेली ठेव

कलकत्ता विद्यापीठ महिना अडीचशे रुपये द्यायला तयार होते. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी निराळी अट घातली. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, महिना पन्नास रुपये मिळतील. कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले. कारण जे शिकलो ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगायचे, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. बडोद्याची व्याख्याने १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने मराठीत निघाली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी भांडारकरांच्या साहाय्याने खटपट केली आणि १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. चिं. वि. राजवाडे, पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. आता पाली शिकायला मराठी मुलाने समुद्र ओलांडायची गरज उरली नाही.

आणि १९४० साली भारतीय विद्या भवनाने 'विसुद्धिमग्ग' नागरी लिपीत छापला, कोसंबींच्या संपादनाने. अमेरिकेतल्या रोमन आवृत्तीच्या दहा वर्षे आधी! ताडपत्रांवरच्या सिंहली वेटोळ्यांतून आणि बर्मी वर्तुळांतून निघून हा ग्रंथ साखवाळच्या शाळेतल्या बाळबोध अक्षरांत आला. संपूर्ण त्रिपिटक नागरीत छापून व्हायला पुढे आणखी वेळ लागला. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून ते १९५६ ते १९६१ या काळात एकेचाळीस खंडांत निघाले. पण ही वाट पहिल्यांदा मळवणाऱ्यांत आपला गोवेकर पुढे होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने काही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या यादीत मराठी होती आणि पालीही होती. आपल्याकडे पेढे वाटले गेले ते मराठीसाठी, आणि ते योग्यच. पण त्याच यादीत पालीचे नाव वाचताना मला कोलंबोच्या विहारातला, परक्या अक्षरांवर बोट ठेवून 'हत्थ' असा शब्द लावणारा पंचवीस वर्षांचा श्रामणेर आठवला.

आमच्या सीमाभागात लिपीवरून पाट्या काळ्या झाल्या आहेत आणि डोकीही फुटली आहेत. आपल्या भाषेचा हक्क सोडावा असे मी म्हणणार नाही. कोसंबींनीही सोडला नाही, उलट दोनशे रुपये कमी घेऊन ते मराठीकडे परतले. पण शेजाऱ्याची अक्षरे शिकताना त्यांना आपले काही उणे झाल्यासारखे वाटले नाही, कारण आपली हरवलेली वस्तू नेमकी त्याच अक्षरांत ठेवलेली होती. संध्याकाळी बसस्टँडवर नातू आजोबांना दुसऱ्या लिपीतली पाटी वाचून दाखवतो, तेव्हा त्याला दटावू नये. त्या अक्षरांच्या पोटात आपले काय जपून ठेवलेले आहे, हे आपल्याला अजून कळायचे आहे.